इन्सॅटच्या पुढच्या साउंडरला अख्खा वर्णपट मोजू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय अंतराळ संशोधन संस्था, बंगळूरु
मा. सचिव, पृथ्वी विज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : इन्सॅट मालिकेतील पुढील साउंडरची वर्णपटीय क्षमता आणि हवेतील अल्पप्रमाण वायूंचे मापन

महोदय,

२०१३ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डी, २०१६ मधील ३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मधील ३डीएस या तिन्ही हवामान-उपग्रहांवर एकाच घडणीचा साउंडर, म्हणजे हवेच्या थरांची अवकाशातून चाचपणी करणारे उपकरण, आहे. फिरत्या चकतीवर बसवलेल्या गाळण्यांमधून तो अवरक्त प्रारणाचे अठरा आणि दृश्य प्रकाशाचा एक असे एकोणीस पट्टे मोजतो, आणि त्यांवरून वातावरणाच्या निरनिराळ्या थरांतील तापमान व बाष्प आणि ओझोनचे एकूण प्रमाण काढले जाते. हवामान खात्याच्या रोजच्या कामातील या साउंडरचे मोल कमी लेखण्याचा या पत्राचा हेतू नाही. मात्र मालिकेतील पुढच्या उपग्रहाचा आराखडा पक्का होईल तेव्हा त्यावर पुन्हा गाळण्यांची चकती न ठेवता, निदान दोन रुंद पट्ट्यांतला सलग अवरक्त वर्णपट बारीक विभेदनाने, म्हणजे जवळजवळच्या तरंगलांबी वेगळ्या ओळखून, मोजणारा व्यतिकरणमापक (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून वर्णपट काढणारे उपकरण) बसवावा, अशी विनंती मी आपणा दोघांना जाहीरपणे करीत आहे. दोघांना अशासाठी, की उपकरण घडवणे अंतराळ विभागाच्या हाती असले तरी ३डीएसचा सगळा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने उचलला होता, आणि जो पैसा देतो त्याने काय मोजून हवे आहे हे आधी सांगायचे असते. मी बरीच वर्षे महाविद्यालयात वर्णपटशास्त्र शिकवले आहे. उपग्रह घडवण्याचा मला अनुभव नाही, तेव्हा पुढील मजकूर एका जाणत्या वाचकाचा समजावा, तज्ज्ञ समितीचा नव्हे.

हा आग्रह का, हे समजण्यासाठी हवेच्या रचनेपासून सुरुवात करणे भाग आहे. कोरड्या हवेचा ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि अर्गॉन यांचा असतो, आणि जमिनीतून वर जाणारे उष्णतेचे प्रारण या तिघांना जवळजवळ जुमानतच नाही, कारण ते शोषून घेण्यासाठी रेणूच्या कंपनात विद्युतभाराची जी हालचाल व्हावी लागते ती त्यांच्यात होत नाही. जे काही शोषले जाते ते बाष्प आणि उरलेल्या चिमूटभर वायूंकडून. कार्बन डायऑक्साइड १५ मायक्रोमीटरच्या आसपास, ओझोन ९.६, मिथेन ७.७, कार्बन मोनॉक्साइड ४.७ आणि अमोनिया १० ते ११ मायक्रोमीटरच्या दरम्यान आपापली खूण सोडतो. या मोजणीला सूर्यप्रकाश लागत नाही. जमीन आणि हवा स्वतःच प्रारण सोडत असल्यामुळे रात्रीही ती चालू राहते. अडचण असते ती गर्दीची. प्रत्येक वायूची खूण म्हणजे ठरलेल्या जागी असलेल्या शेकडो बारीक रेषांचा समूह असतो, या समूहांचे प्रदेश एकमेकांत मिसळलेले असतात, आणि त्या सर्वांवर बाष्पाच्या रेषा पसरलेल्या असतात. गाळणी कितीही अरुंद केली तरी तिच्यातून कितीतरी रेषा एकदम आत येतात आणि त्यांची केवळ बेरीज हाती लागते. तापमानासाठी ही बेरीज पुरते, कारण तिथे आपण ज्या वायूवर अवलंबून असतो त्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आधीच बऱ्यापैकी ठाऊक असते. अज्ञात वायूचे प्रमाण काढायचे असेल तर मात्र हे काम षड्ज आणि पंचम तेवढे ऐकून राग ओळखण्यासारखे होते.

युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरील आयासी या उपकरणाशी तुलना केली की फरक ध्यानात येतो. फ्रान्सच्या अवकाश संस्थेने आणि युमेटसॅट या युरोपच्या हवामान-उपग्रह संस्थेने मिळून घडवलेले हे व्यतिकरणमापक २००६, २०१२ आणि २०१८ असे तीन वेळा कक्षेत गेले. ३.६ ते १५.५ मायक्रोमीटरचा सगळा पट्टा ते ८,४६१ बिंदूंत विभागून मोजते. त्याचा मूळ उद्देश हवामानाच्या अंदाजाचाच होता, म्हणजे आपल्या साउंडरचा आहे तोच.

वर्णपट अख्खा नोंदवून ठेवला की त्याचा उपयोग पुढे कोणाला कसा होईल हे आधी सांगता येत नाही, याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण निम्बस-४ या अमेरिकी उपग्रहाचे आहे. १९७० मध्ये त्यावरील उपकरणाने जे वर्णपट नोंदवले, त्यांची तुलना १९९७ मध्ये एका जपानी उपग्रहाने घेतलेल्या वर्णपटांशी करून लंडनमधील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की मधल्या सत्तावीस वर्षांत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या पट्ट्यांतून अवकाशात निसटणारी उष्णता कमी झाली आहे. हरितगृह परिणाम वाढल्याचा तो थेट पुरावा होता. निम्बस-४ ची आखणी करणाऱ्यांनी असा प्रश्न मनात धरून ते उपकरण बनवले नव्हते. त्यांनी एकोणीस पट्टे मोजून समाधान मानले असते, तर ती तुलना कधीच शक्य झाली नसती.

आता थोडा अप्रिय विषय. नोव्हेंबर २०१३ मध्ये निघून सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचलेल्या मंगळयानावर अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने बनवलेला तीन किलोहूनही हलका मिथेन संवेदक होता. तो १.६५ मायक्रोमीटरजवळ सूर्याचा परावर्तित प्रकाश मोजत असे. पुढे २०१६ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रातील मायकेल मुम्मा यांनी जाहीरपणे सांगितले, की मिथेनच्या रेषा कार्बन डायऑक्साइडच्या रेषांपासून वेगळ्या काढता येतील अशी माहिती या संवेदकातून मिळतच नव्हती. त्यानंतर त्या मोजण्यांमधून मंगळाच्या पृष्ठभागाच्या परावर्तनक्षमतेचा नकाशा तयार झाला. तो उपयुक्त होता, पण ज्या कामासाठी उपकरण पाठवले ते काम झाले नाही. हे उगाळण्यात मला रस नाही. पहिल्याच प्रयत्नात मंगळाची कक्षा गाठणाऱ्या, मुळात तंत्र सिद्ध करण्यासाठी योजलेल्या मोहिमेकडून सर्व काही साधण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. परंतु त्या संवेदकाचा धडा आणि इन्सॅटच्या साउंडरची मर्यादा या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : वायूला वायूपासून वेगळे करते ते वर्णपटीय विभेदन. संवेदनक्षमता कितीही असली तरी तिने विभेदनाची उणीव भरून निघत नाही.

आणि हे तंत्र आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असेही म्हणता येत नाही. चांद्रयान-२ वरील अवरक्त वर्णपटमापक याच अहमदाबादच्या केंद्राने बनवला. ०.८ ते ५ मायक्रोमीटरचा प्रदेश तो सुमारे अडीचशे पट्ट्यांत मोजतो, त्याचा शोधक यांत्रिक शीतकाने थंड राखला जातो, आणि त्याच्या मोजण्यांमधून चंद्राच्या मातीतील हायड्रॉक्सिल व पाणी यांच्या खुणा वेगळ्या ओळखल्या गेल्या. म्हणजे चंद्रासाठी आपण वर्णपट उलगडून पाहिला, मंगळावर मिथेन शोधण्याचा प्रयत्न केला, आणि ज्या हवेत १४० कोटी लोक श्वास घेतात तिच्यातील अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड वा मिथेन अवरक्तातून मोजण्यासाठी खास घडवलेले भारतीय उपकरण मात्र आज कक्षेत नाही.

अमोनियाविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण आयासीच्या ज्या शोधाचा भारताशी सर्वांत निकटचा संबंध आहे तो हाच. आयासीच्या आखणीत अमोनियाला प्रमुख स्थान नव्हते. तो इतका अल्पायुषी आणि इतका विरळ, की अवकाशातून सहजी दिसेल असे फारसे कोणी धरून चालले नव्हते. ब्रुसेल्सच्या विद्यापीठातील आणि पॅरिसमधील संशोधकांनी २००९ मध्ये आयासीच्या वर्णपटांतून अमोनियाचा पहिला जागतिक नकाशा प्रसिद्ध केला आणि त्यात सिंधू-गंगेचे मैदान ठळकपणे उजळून निघाले. पुढे जवळपास दहा वर्षांच्या मोजण्या एकमेकींवर रचून, त्यांची सरासरी बारीक जाळीवर मांडून, याच गटाने २०१८ मध्ये जगभरातील दोनशेहून अधिक स्थानिक उगमस्थाने शोधून काढली. त्यांतील कित्येक खत कारखाने आणि पशुपालनाची केंद्रे असून, अनेकांची नोंद प्रचलित उत्सर्जन-सूचींमध्ये एक तर नव्हती किंवा फारच कमी होती. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यात उत्तर भारतावरील अमोनियाचा स्तंभ, म्हणजे जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेतील त्याचे एकूण प्रमाण, जगातील सर्वांत मोठ्या स्तंभांत मोडतो. याचे कारण केवळ शेतीचे खत नाही. त्या दिवसांतील उष्णता आणि अमोनियाला बांधून ठेवणाऱ्या आम्लांचे तुलनेने कमी प्रमाण, यांमुळे तो वायुरूपातच राहतो. हिवाळ्यात परिस्थिती पालटते. तोच अमोनिया नायट्रिक, सल्फ्युरिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांशी संयोग पावून सूक्ष्म कणांत जातो आणि दिल्लीच्या धुरक्यात भर घालतो. पुण्याच्या भारतीय उष्णप्रदेशीय हवामानविज्ञान संस्थेने दिल्ली विमानतळावर चालवलेल्या धुक्याच्या मोहिमेत या वायूंचे आणि कणांचे जमिनीवरून मापन होत आले आहे. पण ती एका जागेवरची नोंद आहे, आणि अमोनिया निघतो तो शेकडो किलोमीटर पसरलेल्या शेतांमधून.

आपल्या देशात दरवर्षी साडेतीनशे लाख टनांच्या आसपास युरिया वापरला जातो. तापलेल्या, ओलसर जमिनीवर फोकून दिलेल्या युरियातील नायट्रोजनचा काही भाग पिकाला न मिळता अमोनिया होऊन उडून जातो, आणि त्या युरियावर अनुदान दिलेले असल्यामुळे सरकारी तिजोरीतला पैसाही त्याबरोबर उडतो. २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत अमोनियाची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅम ठरवली आहे आणि आपल्या हवा निर्देशांकात तो मोजला जाणाऱ्या आठ घटकांपैकी एक आहे. तथापि निर्देशांक मोजणारी केंद्रे बहुतांशी शहरांत आहेत. नीमलेपित युरिया असो वा खत देण्याची बदललेली पद्धत असो, तिने कोणत्या जिल्ह्यात किती अमोनिया वाचला याचे उत्तर शहरातल्या चौकातील यंत्र देऊ शकणार नाही.

या अमोनियाचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहावरील मिपास हे उपकरण सरळ खाली न पाहता क्षितिजाकडे तिरपे पाहत असे, त्यामुळे कोणता वायू कोणत्या उंचीवर आहे हे त्याला नेमके कळे. त्याच्या नोंदींमधून २०१६ मध्ये असे उघड झाले, की मान्सूनच्या काळात आशियावर १२ ते १५ किलोमीटर उंचीवर जे विशाल प्रतिचक्रवात (जास्त दाबाभोवती फिरणारे वारे) असते, त्यात दर एक लाख कोटी रेणूंमागे सुमारे तीस इतका अमोनिया पोहोचतो. मैदानातील शेतांमधून निघालेला वायू पावसात धुऊन न जाता ढगांबरोबर इतका वर चढतो, ही गोष्ट त्या वेळी अनेकांना नवी होती. २०१७ च्या पावसाळ्यात काठमांडूहून उडालेल्या संशोधन विमानाने त्याच थरात अमोनियम नायट्रेटचे घन कण असल्याचे दाखवले. तोपर्यंत मिपास बंद पडून पाच वर्षे झाली होती. एप्रिल २०१२ मध्ये एन्व्हिसॅटशी संपर्क तुटला आणि तशी रोजची, अवरक्तातली तिरपी नजर अद्याप कोणी पुन्हा कक्षेत ठेवलेली नाही. आपल्याच मान्सूनबद्दलचे हे ज्ञान आपल्याला परक्या उपकरणातून मिळाले याचा मला विषाद नाही, विज्ञान असेच चालते. खंत एवढीच, की ते उपकरण थांबले तेव्हा आपल्याकडून पुढे सरसावायला काहीच नव्हते.

आता प्रश्न येतो, की आयासी, अमेरिकेचे क्रिस आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सोडलेल्या उपग्रहावरील नव्या पिढीचे आयासी ही उपकरणे असताना, आणि त्यांची मोजणी सर्वांना खुली असताना, भारताने वेगळे काही का करावे. याचे उत्तर घड्याळात आहे. ही सर्व उपकरणे ध्रुवीय कक्षेत असून ठरलेल्या स्थानिक वेळेलाच डोक्यावरून जातात : आयासी सकाळी आणि रात्री साडेनऊच्या सुमारास, क्रिस दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. त्याखेरीजच्या तासांत काय घडते ते त्यांना दिसत नाही. पंजाब-हरियाणातील भाताचे पेंढे जाळण्याची वेळ अलीकडच्या वर्षांत दुपारच्या उपग्रहफेरीनंतर सरकल्याचे कोरियाच्या भूस्थिर, म्हणजे इन्सॅटप्रमाणे पृथ्वीबरोबर फिरत सतत एकाच भागावर नजर ठेवणाऱ्या, उपग्रहाच्या चित्रांवरून निदर्शनास आले, आणि आगींची मोजलेली संख्या घटली म्हणजे आगी घटल्या असे समजता येत नाही हे २०२४ मध्ये चर्चेत आले. आगीचा ठिपका विझला की नाहीसा होतो; तिच्यातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड मात्र आठवडेच्या आठवडे हवेत राहतो आणि ४.७ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात रात्रीही दिसतो. त्यामुळे दर तासाला हा वायू मोजणारे भूस्थिर उपकरण असेल, तर धूर केव्हा निघाला आणि कोणत्या दिशेने गेला हे आगीच्या ठिपक्यांवर विसंबून न राहता सांगता येईल. हीच गोष्ट गडचिरोलीतील फेब्रुवारी ते मेच्या वणव्यांना आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीनंतर पेटवल्या जाणाऱ्या पाचटालाही लागू आहे. पाचटाच्या आगी छोट्या आणि अल्पकाळाच्या असतात, हे खरे. एकेका शेताची आग अशा उपकरणाच्या एका मोजणीत येणाऱ्या कित्येक किलोमीटरच्या चौकटीत हरवून जाईल. परंतु एका तालुक्यातील संध्याकाळच्या शेकडो आगींचा एकत्रित वायू हरवेलच असे नाही.

भूस्थिर कक्षेतून असे मापन होऊ शकते, हा आता अनुमानाचा विषय राहिलेला नाही. चीनने डिसेंबर २०१६ मध्ये फंगयुन-४ए उपग्रहावर असा व्यतिकरणमापक प्रथम पाठवला, आणि त्याच्या वर्णपटांतून अमोनियाचा दिवसभरातील चढउतार मोजता आला. युरोपने जुलै २०२५ मध्ये आपला पहिला भूस्थिर अवरक्त साउंडर सोडला, तो ०.६२५ प्रति सेंटीमीटर अंतराने वर्णपट मोजतो (एका सेंटीमीटरमध्ये किती लहरी बसतात हे सांगणारे हे एकक). मात्र युरोपचे उपकरण शून्य रेखांशावरून युरोप आणि आफ्रिका पाहते, आणि चीनचे उपकरण काय आणि किती वेळा पाहील हे चीनच्या गरजेनुसार ठरते. ८२ अंश पूर्व रेखांशावर, भारताच्या अगदी माथ्यावर, इन्सॅटची जागा पिढ्यान्‌पिढ्या राखलेली आहे. तिथून दिसणारी हवा इतर कोणी आपल्यासाठी त्या काळजीने मोजणार नाही.

या सूचनेवर जे आक्षेप घेतले जातील त्यांतील काही रास्त आहेत. पहिला ढगांचा. अवरक्त प्रारण ढगांतून आरपार येत नाही. जुलैमध्ये कोकणावर आणि सह्याद्रीवर आठवडेच्या आठवडे काहीही दिसणार नाही, आणि भूस्थिर उपकरण दर तासाला पाहत असल्यामुळे ढगांमधल्या उघडिपी गाठण्याची संधी वाढते, एवढाच काय तो दिलासा. दुसरा आक्षेप भौतिकीच्या मुळाशी जाणारा आहे. जमीन आणि तिला लागून असलेली हवा एकाच तापमानाला असतील, तर त्या हवेतील वायू जेवढे प्रारण शोषतो तेवढेच सोडतो, आणि उपग्रहाला तो जवळपास अदृश्य होतो. भर दुपारी रान तापलेले असते तेव्हा अमोनिया उत्तम दिसतो. पहाटे, हवेचा थर जमिनीवर दबून बसलेला असतो तेव्हा, नेमका तो सर्वांत दाट असूनही नीट दिसत नाही. तिसरा अंतराचा : मेटॉप उपग्रह सुमारे ८१७ किलोमीटर उंचीवर आहे आणि भूस्थिर कक्षा त्याच्या सुमारे ४४ पट दूर, त्यामुळे तेवढाच प्रकाश गोळा करण्यासाठी मोठी दुर्बीण, अधिक थंड शोधक आणि दर ठिकाणी अधिक वेळ थांबणे, असे सर्व लागते. हे सोपे नाही आणि स्वस्तही नाही. तरीही खर्चाचा विचार करताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. हेच वर्णपट तापमान आणि बाष्पाची उभी रचना आजच्या साउंडरपेक्षा किती तरी बारकाईने देतात, आणि आयासी व क्रिस यांच्या मोजण्या जगभरातील संख्यात्मक अंदाज-प्रतिमानांना सर्वाधिक उपयोगी पडणाऱ्या निरीक्षणांत गणल्या जातात. म्हणजे उपकरण हवामानाच्या अंदाजासाठी घ्यावयाचे आहेच. वायूंचे मापन त्याच वर्णपटांतून, वेगळी दुर्बीण न लावता मिळणार आहे.

मिथेनबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. त्याला या मागणीच्या केंद्रस्थानी आणू नये असे मला वाटते, जरी वर्तमानपत्रांत आजकाल तोच अधिक गाजतो. ७.७ मायक्रोमीटरच्या औष्णिक पट्ट्यात मिथेन दिसतो तो मुख्यतः मधल्या उंचीवरचा, जिथे त्याचे प्रमाण सगळीकडे जवळपास सारखे असते. चीन आणि युरोप या दोघांच्याही भूस्थिर उपकरणांनी हा पट्टा वगळला आहे. जमिनीलगतचा मिथेन शोधायला १.६५ किंवा २.३ मायक्रोमीटरचा परावर्तित सूर्यप्रकाशच हवा. युरोपच्या ट्रोपोमी उपकरणाने आणि त्याच्या जोडीला पंचवीस-तीस मीटरांपर्यंतचा तपशील पाहू शकणाऱ्या छोट्या उपग्रहांनी ब्युनॉस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या शहरांचे मिथेन मोजले, तेव्हा ते प्रचलित सूचींतील आकड्यांच्या १.४ ते २.६ पट निघाले आणि त्यात कचराभूमींचा वाटा ठळक होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले ते काम याच तऱ्हेच्या परावर्तित प्रकाशावर आधारलेले आहे. तेव्हा मिथेनसाठी निराळे, ध्रुवीय कक्षेतील उपकरण हवे आणि त्याची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. एकाच उपकरणाकडून सर्व वायूंची अपेक्षा धरली, तर एकही वायू नीट हाती लागत नाही.

मिथेनचा उल्लेख निघालाच आहे, तर मंत्रालयातील एका संभाव्य शंकेचेही निरसन करू इच्छितो. अवकाशातून उत्सर्जन मोजले जाऊ लागले तर देशाची अडचण होईल, अशी धास्ती अशा विषयांत दबक्या आवाजात व्यक्त होत असते. अनुभव उलटा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपानी उपग्रह, विमाने आणि जमिनीवरील नोंदी एकत्र करून २०१० ते २०१५ या काळातील भारताचे मिथेन उत्सर्जन काढले गेले. ते वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख टन आले, म्हणजे भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवलेल्या आकड्याच्या जवळ, आणि त्यात लक्षणीय वाढही दिसली नाही. काही जागतिक सूचींनी त्याहून बराच मोठा आकडा धरला होता. स्वतंत्र मोजणीने इथे आपल्याच अहवालाची बाजू उचलून धरली.

परंतु उपग्रहाची मोजणी एकटी उभी राहू शकत नाही. वर्णपटावरून वायूचे प्रमाण काढणे हे उलटे गणित आहे. एकाच वर्णपटाला जुळणाऱ्या हवेच्या अनेक रचना संभवतात, म्हणून त्यात आधीचा अंदाज घालावा लागतो, आणि जिथे मोजणीचा जोर कमी तिथे उत्तर म्हणून तो अंदाजच परत येतो. तो पारखायला जमिनीवरची नोंद लागते. गोव्यात काबो द रामाच्या समुद्रकड्यावर १९९३ पासून ऑस्ट्रेलियाच्या संशोधन संस्थेच्या सहकार्याने हवेचे नमुने कुप्यांत भरून तपासले जात. मधला काही वर्षांचा खंड सोडला तर ही नोंद २०१३ पर्यंत चालली. मान्सूनमध्ये तिथे दक्षिण गोलार्धाकडून आलेली स्वच्छ सागरी हवा मिळते आणि हिवाळ्यात उपखंडावरून आलेली, त्यामुळे एका ठिकाणी बसून दोन्ही हवांची तुलना करता येई. पुण्याच्या संस्थेने २००९ पासून सिंहगडावर असेच नमुने गोळा केले. तेलंगणातील शादनगरला राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राकडे सूर्याकडे रोखलेला व्यतिकरणमापक आहे. ही ठिकाणे जोडून, काबो द रामाची नोंद पुन्हा सुरू करून आणि मैदानी शेतीच्या प्रदेशात अमोनियाची निदान चार-पाच केंद्रे उघडून जी साखळी तयार होईल, तिचा खर्च उपग्रहाच्या मानाने किरकोळ असेल. दुर्दैवाने किरकोळ खर्चच आधी कापले जातात, म्हणून तो मोहिमेच्या मूळ मंजुरीतच लिहून घ्यावा. उपग्रह उडाल्यानंतर दुसरा प्रस्ताव मांडण्याची वेळ येऊ नये.

मोजणी प्रसिद्ध करण्याच्या पद्धतीविषयीही आताच बोलणे उचित होईल. अमोनियाचा शोध ब्रुसेल्सला लागू शकला, कारण आयासीचे मूळ वर्णपट, म्हणजे अजून कोणताही वायू न काढलेले, संशोधकांच्या हाती होते. केवळ तयार नकाशे दिले असते, तर त्यांत जे आधीच काढायचे ठरले होते तेवढेच दिसले असते. मोसडॅक या आपल्या उपग्रह-माहितीच्या संकेतस्थळावरून आपण अनेक तयार उत्पादने देता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु नव्या साउंडरचे अंशांकित वर्णपट, त्यांतील गोंगाटाचा अंदाज, आणि प्रत्येक वायूच्या मोजणीत कोणत्या उंचीवर किती संवेदनक्षमता आहे हे दाखवणारी कोष्टके, ही तिन्ही पहिल्या दिवसापासून विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना सुलभपणे मिळावीत. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी बहुतेक परक्या उपग्रहांच्या वर्णपटांवर प्रकल्प करतात, कारण तेच सहज मिळतात. नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या मुलीने आपल्याच जिल्ह्यावरच्या हवेचा वर्णपट भारतीय उपग्रहाकडून घ्यावा, ही अपेक्षा फार मोठी म्हणता येणार नाही.

उपकरणाच्या बारकाव्यांत शिरण्याचा अधिकार मला नाही, तरी विनंती मोघम राहू नये म्हणून लिहितो. ७०० ते १२०० प्रति सेंटीमीटर या पट्ट्यात तापमान, ओझोन आणि अमोनिया येतात. १६५० ते २२०० या पट्ट्यात बाष्प आणि कार्बन मोनॉक्साइड येतात. विभेदन ०.६२५ च्या आसपास, आणि भारताचा भूभाग दर तासाला एकदा. यातले जे शक्य नसेल ते सकारण सोडावे. पण कार्बन मोनॉक्साइडचा पट्टा खर्चाच्या नावाखाली पहिल्याच बैठकीत गळू नये. असा साउंडर आपल्या दोन्ही कार्यालयांत विचाराधीन असेल तर आनंदच आहे. तसे असल्यास त्याचे वर्णपटीय पट्टे, विभेदन आणि गोंगाटाच्या मर्यादा यांचा मसुदा आराखडा गोठवण्यापूर्वी प्रसिद्ध करावा आणि त्यावर देशातील वातावरणशास्त्रज्ञ, शेतीशास्त्रज्ञ आणि वर्णपटशास्त्राच्या अध्यापकांकडून लेखी अभिप्राय मागवावेत. असा साउंडर विचाराधीन नसेल, तर तसे का, हे जाहीर उत्तरातून कळावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सातारा